कियाऊचं चिलखत

चिलखतं शिवणं हा आमच्या घरचा धंदा. दोन कापडांच्या मध्ये कापूस भरायचा, गोधडीसारखे दाट टाके घालायचे, मग मिठाच्या पाण्यात बुडवून उन्हात टाकायचं. वाळलं की इतकं ताठ होतं की बाण त्यातच रुतून बसतो. आमच्या त्लातेलोल्को शहराच्या बाजारात माझा माल हातोहात खपतो, आणि कुणी नावं ठेवलीच तर मी तिथल्या तिथे ऐकवते. हे सांगते अशासाठी, की कापड कशानं फाटलंय ते मला बघितल्याबरोबर कळतं. मी भित्री नाही आणि खुळीही नाही.

माझा नवरा कियाऊ पश्चिमेकडच्या मिचुआकान मुलखावरच्या स्वारीवर गेला होता. पूर्वी त्यानं एक शत्रू जिवंत धरून आणला होता. त्याचा बळी दिल्यावर रीतीप्रमाणे त्याच्या मांडीचं हाड आमच्याकडे आलं, ते आढ्याला टांगलेलं असतं. घरचा पुरुष लढाईवर निघाला की त्या हाडाला कागद गुंडाळायचा, वर त्या पुरुषाचं जुनं चिलखत चढवायचं आणि रोज कोपालच्या डिंकाचा धूप दाखवून म्हणायचं, बाबा रे, त्याला सुखरूप आण. आमच्या आळीत सगळ्याच घरी करतात. हाड बिचारं काय आणणार, असं मी एकदा बोलून गेले, तर सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला होता.

एके दिवशी सकाळी धूप दाखवताना चिलखताचा डावा खांदा फाटलेला दिसला. सासूबाई म्हणाल्या, उंदीर. मी ते अंगणात उजेडाला नेलं. उंदरानं कुरतडलं की कडा भुरभुरीत होतात. ही कड सरळ होती आणि कापूस आत दाबला गेला होता. काळ्या काचेची पाती बसवलेला सोटा असतो ना लढवय्यांचा, त्याचा घाव असा लागतो. घरात तसलं काहीच नव्हतं. मी चार टाके घातले आणि चिलखत परत टांगलं.

पुढे मीठ वाहणारा एक हमाल पश्चिमेकडून आला. त्यानं हसत हसत निरोप दिला, की कियाऊच्या डाव्या खांद्यावर असा सोटा बसला की दुसरा असता तर हात गमावून बसला असता, पण ह्याला साधं खरचटलंही नाही. बायकोच्या हाताचं सगळे कौतुक करतायत म्हणे. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग आढ्याकडे. त्या दिवसापासून मका दळायला त्या स्वतः बसायला लागल्या.

"तू दुसरं काही करू नकोस," त्या म्हणाल्या. "तू नुसती शिव."

मग रोज काही ना काही फाटायचं. कधी बरगडी, कधी पाठ, कधी मानेजवळ. घायपाताच्या काट्याची सुई ओढून ओढून माझी बोटं सुजली. माझं बाजारात जाणं बंद झालं. कालव्यावर पाण्याला गेले तरी जीव थाऱ्यावर नसायचा, आपण इथे आणि तिकडे उसवलं तर?

एका दुपारी मी भाकरी खात होते. समोर चिलखत टांगलेलं. त्याचं पोट माझ्या डोळ्यांदेखत फाटलं, वीतभर, सगळे थर. आवाज झाला नाही. घास तसाच टाकून मी शिवायला बसले. कापूस कोमट लागत होता.

नंतर जासूद आले, ते केस मोकळे सोडून. म्हणजे हार. आमच्या आळीतले म्हातारे लढवय्ये तेकोलकाका घरोघरी सांगत फिरत होते. आमच्या दारात ते बसले नाहीत, उभ्यानंच बोलले. कियाऊच्या पोटावर घाव बसला, त्यांनी स्वतः पाहिलं होतं.

"जागच्या जागी गेला, पोरी. हाल नाही झाले."

"नीट पाहिलंत का काका?" मी विचारलं. "जखम नंतर मिटली नसेल?"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढच्या घरी गेले.

प्रेतं तिकडेच राहिली होती, म्हणून लाकडाचे पुतळे करून जाळायचं ठरलं. सासूबाई लेकाचा पुतळा घेऊन देवळाच्या पटांगणात गेल्या. मी गेले नाही, कारण त्या सकाळी चिलखत पुन्हा फाटलं होतं. मेलेल्या माणसावर आता कोण घाव घालणार? मी ते मांडीवर घेतलं, उजेडाकडे वळले.

कड सरळच होती. पण कापूस बाहेर आला होता.

मी पुन्हा बोट फिरवलं. घाव आतून होता.

सासूबाई परतल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर राख होती. मी त्यांना दाखवलं. त्यांनीही बोट फिरवलं आणि त्या खाली बसल्या.

"सोड त्याला, शोको. लढाईत गेलेल्यानं सूर्याकडे जायचं असतं. त्याला जायचंय."

मलाही ते कळत होतं. त्यांचं बरोबर होतं. पण मला त्यांचा इतका राग आला की मी चिलखत त्यांच्यापुढून ओढून घेतलं.

"तो सूर्याला कशाला हवाय?" मी म्हणाले. "मला हवाय तो, घरात."

मी शिवलं.

माझ्या टाक्याशेजारी फाटलं. दुहेरी दोरा घेऊन शिवलं. त्याच्याही शेजारी फाटलं.

मग मी गळा शिवून टाकला.

मग हातांची भोकं.

मग खालचा घेर, सगळा.

आता फाटत नाही. चिलखत ज्याला टांगलंय तो आढ्याचा दोर मात्र रोज थोडा जास्त ताणलेला दिसतो, म्हणून मी दुसरा बांधलाय. सासूबाई त्यांच्या भावाकडे राहायला गेल्या.

आमच्याकडे जिचा नवरा लढाईवर असतो, ती केस धूत नाही. जिचा मेला, तीही सुतक फिटेपर्यंत धूत नाही. माझा तर घरात आहे. काल मी कालव्यावर गेले आणि सगळ्या बायकांसमोर न्हाले.