सोळा टाक्यांचं बुबुळ

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. खोटी ठरली तर सगळ्यात जास्त मीच नाचेन!

रात्र-बिरात्र काही नाही. भर सकाळचे साडेनऊ. जागा, माझ्या मामाचं घड्याळदुरुस्तीचं दुकान.

मामाचं उजवं बुबुळ शंकूसारखं पुढे आलं होतं. घड्याळजीलाच काटे दिसेनात, म्हणजे पोटावरच पाय! शेवटी कुणा मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं. सोळा टाके.

वर्षभरात नजर अशी आली, की केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरायचा.

"भाचीबाई, तुझ्या नाकावरचे मुरूम इथून मोजतो!"

डॉक्टरीणबाईंनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. थेंब चुकवायचे नाहीत, नाहीतर शरीर ते बुबुळ नाकारेल. आणि रोज डावा डोळा झाकून उजव्यानं एकाच जागी बघायचं. अंधुक वाटलं, की धावत यायचं.

मामा समोरच्या दुकानातल्या शिंपीकाकांकडे बघायचा.

त्या सोमवारी त्यानं डावा डोळा झाकला...

मशीनची खडखड चालू होती. कापड सुईखालून सरकत होतं.

स्टुलावर कुणीच नव्हतं.

त्यानं हात काढला. शिंपीकाका तिथेच!

"काय रे, म्हाताऱ्याला डोळा मारतोस?"

मामा तडक दवाखान्यात.

"बुबुळ काचेसारखं स्वच्छ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गुरुवारी खडखड मध्येच थांबली... शिंपीकाका मशीनवरच मान टाकून गेले.

समोर आता बंद शटर. मग मी शाळेला निघाले, की रोजच्या तपासणीसाठी तो मलाच काउंटरपलीकडे उभं करू लागला.

एक दिवस माझी बडबड चालू होती. गाडी नेहमीसारखी सुसाट. त्यानं डावा डोळा झाकला...

आणि पांढराफटक पडला.

तो माझ्या आवाजाकडे बघत होता. माझ्याकडे नाही.

"मामा? दिसतेय ना मी?"

"बोलत राहा तू. थांबू नकोस."

ज्या डोळ्याला भाची दिसत नाही, तो डोळाच नको. त्यानं त्याच दिवशी ठरवलं. थेंबांची बाटली बेसिनमध्ये ओतली. डोळा लालभडक झाला, ठणकू लागला. घरी म्हणाला, "जागरण झालं." तिसऱ्या आठवड्यात बुबुळावर दूध सांडल्यासारखं पांढरं पसरलं.

"हातानं वाटोळं केलंत!" डॉक्टरीणबाई कडाडल्या. "थेंब का बंद केलेत?"

"विसरलो हो," म्हणून मामा हसला.

खरं कारण त्यानं मला एकटीलाच सांगितलं, दुकान विकायला काढलं त्या दिवशी. गुरुवार येऊन गेले, मी ठणठणीत होते. मला वाटलं, सुटलो.

डावा डोळाही त्याच आजाराचा. त्याचं ऑपरेशन झालेलं नाही. त्यातून त्याला एक माणूस तीनदा दिसतं, एकावर एक सरकलेलं.

काल सामान आवरताना त्यानं मला दारात उभं केलं. हवेत बोटानं मोजलं.

परत मोजलं...

"किती आहे मी?" मी हसतच विचारलं.

"तीन," मामा म्हणाला. "तीनच आहेस."

बोटं मात्र दोनच वर होती.