तीनशे बारा नंबरचा कॅमेरा

"चार वाजेपर्यंत फोटो हातात आले नाहीत, तर सोमवारी पूल सुरू होईल," असं सांगून साहेब आपल्या खोलीत निघून गेले. आत्या कॅमेरा हातात धरून तशीच उभी राहिली.

आत्या इंजिनिअर होती. पूल तपासणं हे तिचं काम. तपासणीसाठी बंद ठेवलेल्या नदीवरच्या पादचारी पुलाच्या पोटाला, अगदी मधोमध, तिला एक तडा दिसला होता. काठावरून मोबाइलने फोटो काढला, तर तडा केसाएवढा दिसे, आणि साहेब म्हणत, हा केसच असेल. त्यासाठी ऑफिसचा लांबचं टिपणारा कॅमेराच हवा होता. नेमका त्याचाच मागचा पडदा दोन दिवस काळाठिक्कर पडला होता. दुरुस्तीवाल्याने सकाळी तो हातात घेऊन एकदा उलटासुलटा केला, पडदा गेला म्हणाला, आणि आठ दिवस मागितले.

हे सगळं कोपऱ्यातल्या खुर्चीवरून घुमी ऐकत होती. बाबा जहाजावर आणि आई तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला परगावी, म्हणून सुट्टीभर तिला आत्याकडे ठेवलं होतं. आत्या प्रेमळ होती, पण कामात गळ्यापर्यंत बुडालेली. रोज सकाळी तिच्याबरोबर ऑफिसात यायचं, खिडकीशी बसायचं, एक वाजता एकटीने डबा खायचा. बरोबर आणलेली पुस्तकं चौथ्या दिवशीच संपली होती. खाली अंगणात माळीणबाईंची दोन मुलं खेळत, लंब्या आणि त्याची धाकटी बहीण पिटुकली. एकदा त्यांनी वर बघून हात हलवला होता. आपणही हलवावा की नाही, हे हिचं ठरेपर्यंत ती दोघं पळूनही गेली. 'घुमी' हे नाव त्यांनीच ठेवलेलं. तिने ते खिडकीतून ऐकलं होतं, आणि तिला ते फारसं चुकीचंही वाटलं नव्हतं.

आत्या कॅमेरा टेबलावर ठेवून दुसरीकडून एखादा उसना मिळतो का हे फोनवर विचारायला बाहेर गेली. घुमीने तो उचलला आणि बटण दाबलं. आत बारीकसं घुरघुरलं, लाल दिवा लुकलुकला. पडदा मात्र कोऱ्या पाटीसारखा काळाच. मग काही विशेष मनात नसताना तिने वरच्या चिमुकल्या खिडकीला डोळा लावला. ऑफिसात कुणीच तसं करत नसे. सगळ्यांना चष्मे, त्यामुळे जो तो पडदाच बघायचा.

आत लख्ख अंगण दिसत होतं. फांदीला लोंबकळणारा लंब्यासुद्धा, आणि खाली बारीक आकडे. तिने डोळा बाजूला घेतला. पडदा काळा. पुन्हा लावला. अंगण हजर. कॅमेरा जिवंत होता!

सांगायचं कुणाला? आत्याने फोन कानाला धरून 'थांब' असा हात केला. कारकून काका म्हणाले, लहान मुलांनी महागाच्या वस्तूंना हात लावू नये. घुमी क्षणभर घुटमळली. मग बारा दिवसांत पहिल्यांदाच ती एकटी जिना उतरून खाली गेली. काय बोलायचं ते प्रत्येक पायरीवर तिने घोकलं होतं, पण अंगणात पोचल्यावर तोंडून एवढंच निघालं, "यात जरा बघाल?"

लंब्याने बघितलं. पिटुकलीनेही बघितलं आणि म्हणाली, "आईचा फोन पण असाच आहे. कानाला लावला की काळा होतो."

"तुझं काहीतरीच," लंब्या म्हणाला, आणि मग स्वतःच विचारात पडला. फोनला कान जवळ आलेला कळतो. तसा कॅमेऱ्याला डोळा जवळ आलेला कळत असेल, तर?

"म्हणजे याला वाटतंय, सारखं कुणीतरी डोळा लावून बसलंय," घुमी सावकाश म्हणाली. "म्हणून हा चित्र आतच दाखवतो."

तिघांनी कॅमेरा नाकाशी धरून न्याहाळला. चिमुकल्या खिडकीच्या अगदी खाली एक अरुंद पांढरी चिठ्ठी चिकटवलेली होती: ३१२. गुरुवारी कारकून काकांनी ऑफिसातल्या प्रत्येक वस्तूवर नंबर चिकटवले होते. खुर्च्या, किटली, कात्री, चुकून स्वतःचा डबासुद्धा. आणि पडदा काळा पडला होता तो गुरुवारीच!

लंब्याने नख पुढे केलं. घुमीने त्याचा हात धरला. चिठ्ठी फाटली तर बोलणी आत्याला बसतील. तिघं वर गेली.

नंबर निघणार नाही, तो रजिस्टरात चढलाय, असं काकांनी ठणकावून सांगितलं. तरी घुमीने विचारलं, "नंबर कुठे चिकटवायचा, तेही रजिस्टरात लिहिलंय का, काका?"

काकांनी चष्मा सारखा केला, रजिस्टर उघडलं, ओळीवरून बोट फिरवलं, पान उलटून मागेही पाहिलं. "तसं नाही लिहिलेलं," त्यांना म्हणावं लागलं. मग त्यांनीच चिठ्ठी अलगद सोडवून कॅमेऱ्याच्या बुडाला लावली. तिच्याखाली डोळा ओळखणारी, शेंगदाण्याएवढी काळी काच होती, डिंकाने बरबटलेली. घुमीने रुमालाने ती हळूहळू पुसली.

पडदा उजळला.

आत्या दारात उभी होती. तिने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि तिघांना घेऊन नदीकडे धावत सुटली. पावणेचारला साहेबांच्या टेबलावर तड्याचा फोटो होता. हात जाईल एवढी भेग, आतून गंजलेली सळई डोकावणारी. साहेबांनी फोटो चष्म्याजवळ नेला. मग त्यांनी फोन उचलून पूल बंद ठेवायला सांगितलं, आणि उठून तिघांशी एकेक करून हात मिळवला. "सोमवारी बाजाराची वाट धरून शेकडो माणसं त्यावरून गेली असती," ते म्हणाले. "आम्हा मोठ्यांच्या हे ध्यानात यायला हवं होतं." कारकून काकांनी खाकरून मान डोलावली.

खाली माळीणबाईंनी हाक मारली. जाताना लंब्याने सांगितलं, की ते उद्या आजोळी निघालेत, थेट सुट्टी संपेपर्यंत. घुमी "बरं" म्हणाली. पिटुकली फाटकातून वळून वळून हात हलवत राहिली. या वेळी घुमीनेही हलवला, ती दिसेनाशी झाल्यावरसुद्धा.

पूल बंद, म्हणून आत्याला आणि तिला लांबच्या रस्त्याने घरी जावं लागलं. वाटेत आत्या म्हणाली, "तू रोज दिवसभर काय करत होतीस गं? मी कधी विचारलंच नाही."

घुमीने सांगायला सुरुवात केली. खिडकीतून दिसणाऱ्या झाडापासून, आईचा फोन दोन मिनिटांत संपतो तिथपर्यंत. आत्याने खिशातला वाजणारा फोन न बघताच बंद केला. घराचं फाटक आलं, तेव्हा सांगायचं अर्धंही झालं नव्हतं. आत्याने फाटकाकडे पाहिलं, घुमीकडे पाहिलं, आणि दोघी पुढे चालत राहिल्या.