सात गेल्या, सात आल्या

वादळ सांगितल्या वेळेला आलं असतं, तर एडविनच्या पदरात त्या दिवशी बरंच काही पडणार होतं. मुलगी वेळेत दवाखान्यात, नातवंडाचा जन्म चार भिंतींच्या आत, आणि बायकोच्या तोंडून निदान महिनाभर एकही टोमणा नाही. यातली शेवटची कमाई सगळ्यांत मोठी, असं स्टुरवीकमधल्या कुणीही सांगितलं असतं.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला, फिनमार्कच्या किनाऱ्यावरचं हे दोनशे माणसांचं मच्छीमार गाव. जानेवारीत इथली माणसं हवामानाच्या अंदाजावर जगतात. एक अंदाज रेडिओवरचा, दुसरा मोबाईलवरचा, तिसरा आपापल्या गुडघ्यातला. तिघांचं कधी पटत नाही, त्यामुळे बोलायला विषय पुरतो. एडविन तीस वर्षं फाळगाडी चालवत होता. पुढे लोखंडी फाळ लावून रस्त्यावरचं बर्फ बाजूला सारणारी ती गाडी. त्याचा हिशेब सोपा होता: रेडिओच्या वेळेतून दोन तास वजा करायचे. रेडिओ म्हणाला संध्याकाळी सहा. म्हणजे चार. रांग सुटणार अकराला, माथा ओलांडून बाराच्या सुमाराला खालच्या फाटकाशी. तिथून शहर चाळीस किलोमीटर, आणि तो रस्ताही त्यालाच मोकळा करत जायचा होता, कारण दुसरी फाळगाडी कारखान्यात पडली होती. तरी वेळ पुरून उरत होता.

खराब हवेत माथा कुणी एकट्यानं ओलांडत नाही. गाड्या वरच्या फाटकाशी जमतात, फाळगाडी पुढे, बाकीच्या मागे. निघताना फाळगाडीवाला गाड्या मोजतो, कागदावर आकडा लिहितो, फाटक लावतो. उतारापलीकडे, खालच्या फाटकावर योर्डिस नावाची मुलगी पुन्हा मोजते. आकडे जुळले की सगळे मोकळे. एक जरी कमी भरली, तर फाळगाडीनं तिथूनच वळून परत माथ्यावर जायचं. मग मागे कोण खोळंबतंय हे बघायचं नाही.

नोव्हेंबरपासून सूर्य उगवला नव्हता. अकरा वाजता फाटकाशी शाई विरघळल्यासारखा निळा उजेड होता. मुलीची, इंगुनची गाडी एडविननं सगळ्यांत पुढे, आपल्या पाठीशी घेतली. चालवत होती त्याची बायको आस्ब्योर. जावई बोटीवर, समुद्रात.

"कळा किती वेळानं येतायत?" त्यानं काचेतून विचारलं.

"बाबा, तू फाळ बघ. कळा मी बघते."

"आणि तुझा अंदाज चुकला ना एडविन," आस्ब्योर म्हणाली, "तर पोराचं नाव वादळच ठेवीन आणि जन्मभर तुझ्याच मांडीवर देईन."

रांगेच्या शेवटी टोरगेरचा मासळीचा लाल ट्रक होता.

"काय म्हातारबा, मला शेपटाला बांधलंस? माझा कॉड नासायचा."

"तुझ्या शेजारी बसून नासला नाही, तो आता काय नासतोय?"

टोरगेर हसला आणि सवयीप्रमाणे दोनदा भोंगा वाजवला. एडविननं लिहिलं: सात. फाटकाची कडी स्वतः लावली, हलवून बघितली.

पहिल्या चढावर वायरलेस खरखरला. वायरलेस ट्रकवाल्यांकडेच असतो.

"म्हातारबा, माझ्या मागे कुणाला घेतलंस?"

"कुणाला नाही. तू शेवटचा."

"मग हा कोण? एकच दिवा आहे बघ. पिवळा."

एडविननं वायरलेस खाली ठेवला. काच पुसणारा पट्टा दोनदा इकडून तिकडे गेला. मग त्यानं वायरलेस परत उचलला.

"बर्फावर तुझाच उजेड पडला असेल."

"माझा उजेड पांढरा आहे रे बाबा."

सव्वीस वर्षांपूर्वीही रांग अशीच सुटली होती. सहा गाड्या. शेवटची निळी गाडी पेडर मास्तरांची. "मास्तर, डावा दिवा गेलाय," एडविन म्हणाला होता. "उद्या बसवतो," मास्तर म्हणाले होते. रेडिओनं वादळ रात्री आठला सांगितलं होतं, आलं चारला. तेव्हा खालच्या फाटकावर माणूस नसे, दोन्हीकडे एडविनच मोजायचा. खाली पाच भरल्या. मास्तर वाटेतून मागे फिरले असतील, असं त्याला वाटलं. लोक फिरत असत. घरी आस्ब्योरनं ताजा कॉड, त्याचं काळीज आणि गाबोळी शिजत ठेवली होती. त्यानं लिहिलं: सहा गेल्या, सहा आल्या. तिसऱ्या दिवशी माथ्यावर, गाडी बाजूला घ्यायला केलेल्या दुसऱ्या थांब्याशी मास्तरांची गाडी सापडली. मास्तर आतच होते. गावानं दोष अंदाजाला दिला. एडविननंही दिला.

माथ्यावर आले तेव्हा बारा वाजायला दहा मिनिटं होती, आणि वादळ आलं.

सहाचं नाही, चारचंही नाही. समुद्राकडून एक पांढरी भिंत सरकत आली आणि रस्ता पुसून गेली. दोन्ही कडेचे खांब दिसेनासे झाले. आरशात इंगुनच्या गाडीचे दिवे राखेत पुरलेल्या निखाऱ्यांसारखे झाले. एडविन चालण्याच्या वेगावर आला.

"जवळ आलाय," टोरगेरचा आवाज. त्यात आता थट्टा नव्हती. "आत कुणी दिसत नाही. काचा आतून गोठल्यात."

"मागे बघू नकोस. पुढच्याची शेपटी धर."

"पुढच्याचीच धरलीय." मध्ये नुसती खरखर. "एडविन, पुढे तोच आहे."

"कोण?"

"मागे होता. आता माझ्या पुढे आहे. बाजूनं गेला नाही रे, शपथ."

दुसरा थांबा डाव्या हाताला येऊन गेला. त्याचा खांब एडविनला दिसला नाही, पण तीस वर्षांत चाकांना तो खळगा पाठ झाला होता.

"टोरगेर."

खरखर.

"टोरगेर, बोल."

उतारावर घोड्याच्या नालेसारखं एक वळण आहे. तिथून मागची सगळी रांग आडवी दिसते. वारा क्षणभर पडला. एडविननं दिवे मोजले.

दोन-दोनच्या सहा जोड्या.

आणि शेवटी एक. एकटा. पिवळा.

सात.

खालच्या फाटकाशी आस्ब्योर गाडीतून उतरून धावत आली, डोक्याला काही न बांधता. तिला असं आजवर कुणी पाहिलं नव्हतं.

"पाणी गेलंय तिचं. एडविन, थांबू नकोस. ऐकतोस ना? अजिबात थांबू नकोस."

योर्डिस हातात बॅटरी घेऊन रांगेच्या कडेनं चालत गेली आणि परत आली. तिच्या पापण्यांवर बर्फ होतं.

"सात," ती म्हणाली. "तुमच्या किती?"

एवढंच विचारायचं होतं: शेवटची गाडी कुठली, लाल ट्रक आहे का? पोरीनं नाही म्हटलं असतं. मग फाळ वळवावा लागला असता, आणि शहराचा रस्ता बंद, आणि इंगुन इथे, फाटकाशेजारच्या टपरीत. विचारलं नाही तर कागद जुळत होता.

"सात," एडविन म्हणाला.

"जुळलं." योर्डिसनं लिहिलं. "शेवटच्या काकांना सांगा हं, त्यांचा एक दिवा गेलाय. मी काचेवर टकटक केली, तर आतून नुसता हात हलवला."

नात दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी झाली. सव्वातीन किलो.

टोरगेर तिसऱ्या दिवशी सापडला. ट्रक दुसऱ्या थांब्याशी नीट लावलेला, हातमोजे काढून समोर ठेवलेले. मासळी उत्तम राहिली होती. तो तिथे कसा पोचला हे कुणालाच कळेना, कारण सात गेल्या होत्या आणि सात आल्या होत्या, दोन सह्यांनिशी. एडविनला विचारलं तेव्हा तो म्हणाला, त्यानं कागदावर आहे तेवढंच बघितलं. शेवटी ठरलं की टोरगेर वाटेतून मागे फिरला असेल, खालच्या फाटकाशी उभी असलेली कुठली तरी एका दिव्याची गाडी घाईत सातवी धरली गेली असेल. टोरगेरची बायको रस्तेखात्याच्या कार्यालयात येऊन एवढंच म्हणाली, "तो मागे फिरणारा नव्हता." बाकी दोष अंदाजाला दिला गेला.

एडविननं फेब्रुवारीअखेर काम सोडलं. आस्ब्योर नातीपाशी शहरातच राहिली होती. मार्चमध्ये, नातीच्या बारशाला, तो स्वतःच्या गाडीतून निघाला. रेडिओनं वादळ रात्री नऊला सांगितलं होतं. सवयीनं त्यानं दोन तास वजा केले. सात. रांग दुपारी एकला.

फाळगाडीवर नवा माणूस होता. त्यानं आदरानं हात मिळवला.

"तुम्ही शेवटी या, काका. तुम्हाला कोण रस्ता दाखवणार? सहा गाड्या आहेत."

आणि त्यानं लिहिलं: सहा.

माथ्यावर पांढरी भिंत आली, तेव्हा एडविननं घड्याळ बघितलंच नाही. आरसा बघितला. दोन दिवे होते. उंच. ट्रकचे.

तो पुढच्या गाडीच्या शेपटीवर नजर खिळवून बसला. पापणी लवली असेल, नसेल. लाल शेपटी रुंद झाली, उंच झाली, आणि मासळीचा वास आला.

भोंगा वाजला. दोनदा.

मग पुढे काहीच राहिलं नाही. डावं चाक ओळखीच्या खळग्यात उतरलं आणि इंजिन बंद पडलं.

काम सोडताना फाळगाडीतला जुना वायरलेस त्यानं आपल्या गाडीत आणून बसवला होता. त्यानं बटण दाबून हाका मारल्या, नवीन माणसाला, योर्डिसला. कुणी ओ दिली नाही. बोटं बधिर झाली तेव्हा त्यानं हातमोजे काढून समोर ठेवले, चोळायला सोपं जावं म्हणून.

बऱ्याच वेळानं वायरलेस आपोआप बोलू लागला. योर्डिसचा आवाज अगदी स्वच्छ येत होता.

"सहा गेल्या, सहा आल्या. जुळलं. लावते फाटक."