बॅटरी काढलेली पिकअप

पटलं तर घ्या, नाही पटलं तर सोडून द्या. मी शपथा खात बसणार नाही.

पण हे आमच्या घरात घडलंय. माझ्या डोळ्यांदेखत.

आई गेल्यावर भेटायला म्हणून आलेले शेवटचे पाहुणे निघून गेले, त्या गुरुवारची ही गोष्ट. भेटायला कसले... आई होतीच कुठे. दिवेलागणीची वेळ होती. जागा म्हणाल तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरची पत्र्याची शेड. तिथे आमची पिकअप उभी असते.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही.

माझे बाबा गाड्यांचे इलेक्ट्रिशियन. दुसऱ्यांच्या गाड्या त्यांच्या हाताखालून ठणठणीत होऊन जायच्या आणि घरची पिकअप कायम आजारी. कधी सेल्फ मारला की नुसती टकटक, गाडी सुरूच व्हायची नाही, कधी वळताना हॉर्न आपोआप वाजायचा, कधी सकाळी बॅटरी उतरलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. "रोज मरे त्याला कोण रडे," असं आई म्हणायची आणि स्वतःच हसायची.

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण ब्रेकलाइट तपासायला दोन माणसं लागतात, एवढं लहानपणापासून पाहिलंय. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं मागे उभं राहून दिवा बघायचा. आत बसणारं माणूस म्हणजे आई. मांडीवर मटार सोलायला घ्यायची आणि पाय ब्रेकवर. मागून बाबा ओरडायचे, "दाब." मग, "सोड." वर्षानुवर्षं हाच संसार.

आई गेली त्या दुपारीही तेच चाललं होतं. ब्रेकलाइट मधूनच बंद पडत होता.

"दाब," बाबा म्हणाले. दिवा लागला.

"सोड."

दिवा विझला नाही.

"अगं, सोड म्हणतोय ना."

दिवा जळतच राहिला.

बाबांना वाटलं, स्विच अडकला. पेडलच्या वर एक छोटा स्विच असतो, पाय काढला तरी तो कधी कधी आत चिकटून बसतो. रोजचा अनुभव. त्यामुळे बाबांनी मागचा दिवा खोलला, तार तपासली, अर्थिंगचं टोक घासून साफ केलं. तोंडानं पुटपुटणं चालूच. शेवटी स्विच बघायला म्हणून ते पुढे आले.

आई बसलेली होती. डोकं खिडकीच्या काचेला टेकलेलं. पाय पेडलवर, दाबलेला की नुसता टेकलेला, कळायला मार्ग नव्हता. मटार सगळे खाली सांडले होते.

दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "थोडं आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं."

त्या एका वाक्यानं माझ्या बाबांचं पार वाटोळं केलं.

कारण हिशोब सरळ होता. स्विच खराब असेल, तर दिवा उगाच जळत होता. आईनं पाय वेळेवर सैल सोडला असेल, ती ठीक असेल, आणि जे झालं ते शेवटी एका क्षणात झालं. पण स्विच चांगला असेल, तर दिवा जळत होता तेवढा सगळा वेळ आई तशीच बसून होती. आणि बाबा मागे तार तपासत होते.

"स्विचच अडकला होता," बाबा येईल त्याला सांगायचे. कुणी विचारलेलं नसताना. रडले मात्र एकदाही नाहीत.

तर तो गुरुवार.

मी ओट्याशी उभी होते. बाबा टेबलाशी, समोर चहा गार झालेला. आणि शेडच्या भिंतीवर...

लाल उजेड पडला.

पिकअपचा ब्रेकलाइट लागला होता. गाडीत कुणी नव्हतं. किल्ली खिळ्याला टांगलेली होती.

मी ओट्यापासून मागे सरकले. बाबांचा चेहरा मात्र उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"बघ," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? स्विच अडकतो."

त्यांनी लगेच जुना स्विच काढून नवा बसवला. दिवा विझला. त्या रात्री बाबा पोटभर जेवले.

दुसऱ्या संध्याकाळी...

दिवा पुन्हा लागला.

मग रोजचंच झालं. बाबांनी पेडलची स्प्रिंग बदलली. मागपर्यंतची सगळी वायर नवीन टाकली. काढलेला प्रत्येक स्विच ते मीटरवर तपासायचे आणि प्रत्येक स्विच चांगला निघायचा. तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नसे. खराब निघावा म्हणून कुणी एवढं आसुसलेलं मी पाहिलं नाही.

एकदा मी त्यांना टॉर्च द्यायला गेले. कोरडी हवा, उकाडा. गाडीच्या सगळ्या काचा स्वच्छ. फक्त ड्रायव्हरच्या खिडकीवर...

आतून वाफ धरली होती. डोकं टेकतं तेवढ्याच जागी.

मी बाबांना सांगितलं नाही. पुसायलाही माझा हात धजला नाही.

शेवटी बाबांचा जुना दोस्त बॅटरीवाला आला. त्यानं दिवसभर खटपट केली. संध्याकाळ व्हायच्या आत बॅटरीच गाडीतून उचलून आमच्या दाराशी आणून ठेवली.

"आता तुझा दिवा लागला तर मी धंदा सोडेन," तो बाबांना म्हणाला. "काय गड्या, किती दिवस त्या गाडीच्या मागे लागणार? थोडं झोप."

तो गेला. आम्ही दोघं पायरीवर बसलो. बॅटरी आमच्यामध्ये. अंधारून आलं. रस्त्यावरचे आवाज कमी झाले. मला वाटलं, संपलं एकदाचं.

आणि मग...

भिंत लाल झाली.

मी बाबांचा हात घट्ट धरला. त्यांनी तो हळूच सोडवला. उठले. या खेपेला पान्हे घेतले नाहीत, टॉर्चही नाही. डावीकडचं दार उघडून ते आईच्या जागेशेजारच्या सीटवर जाऊन बसले. वाकून त्यांनी हात खाली पेडलपाशी नेलेला मला दिसला.

ते बराच वेळ तसेच वाकून होते.

मग परत आले आणि माझ्याशेजारी बसले.

"पेडल खाली दाबलेलं आहे," ते म्हणाले. "माझ्यानं वर येत नाही."

"बाबा, चला आत."

"स्विच चांगला होता गं बाळा. पहिल्यापासून चांगला होता. ती दाबून बसली होती आणि मी तिच्यावर ओरडत होतो."

आईच्या वेळी न रडलेला माझा बाप त्या पायरीवर हमसून हमसून रडला. मी नुसती पाठीवरून हात फिरवत राहिले.

त्यानंतर बाबांनी गाडी दुरुस्त करायला घेतली नाही. बॅटरीही परत बसवली नाही.

आता रोज दिवेलागणीला ते जाऊन तिच्या शेजारी बसतात. काहीतरी बोलत असतात. मागून मला फक्त त्यांचं डोकं दिसतं आणि लाल दिवा दिसतो. मी खिडकीतून हाक मारते, "बाबा, जेवायला चला."

ते हलत नाहीत. थोडा वेळ जातो...

आणि दिवा विझतो. मगच बाबा उतरतात.

नातेवाईक म्हणतात, गाडी भंगारात दे. त्यांना काय सांगू? माझा स्वयंपाक रोज वेळेवर तयार असतो, रोज मी हाक मारते. पण हल्ली दिवा विझायला उशीर होऊ लागलाय. काल भात गार झाला तरी विझला नव्हता, आणि मी खिडकीशी उभी राहून आईला विनवत होते, "आई, त्यांना पाठव गं. मला दुसरं कुणी नाही."