फक्त आतून

उम्म अल हस्सममधल्या ज्या दवाखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो, तो शुक्रवारी बंद असतो. तरी त्या सकाळी मॅनेजर आतिकाबाईंनी मला हमद टाउनच्या घरून बोलावून घेतलं. पेशंटांची सगळी माहिती असलेल्या सर्व्हरमध्ये बाहेरून कुणीतरी शिरत होतं.

मी नोंदी चाळल्या. शिरणारा एकच फाइल उघडत होता. नुसरतची, माझ्या बायकोची. तिला सातवा महिना होता, तपासण्या इथेच चालल्या होत्या. रिपोर्टांना त्याने हातही लावला नव्हता. नुसता घरचा पत्ता वाचायचा आणि निघून जायचं. दर खेपेला तेवढंच.

कोण ते मागाहून शोधू, आधी वाट बंद कर, असं आतिकाबाईंचं म्हणणं पडलं. सर्व्हरच्या खोलीला खिडकी नाही. बाहेर डांबर वितळत असतं तेव्हाही आत स्वेटर लागतो. मी सेटिंग बदललं: यापुढे सर्व्हरने फक्त 'लोकल', म्हणजे स्वतःच्याच मशीनवरून आलेली जोडणी घ्यायची, बाहेरची एकही नाही. मग तो पुन्हा सुरू केला.

बाहेरून आलेले प्रयत्न एकेक करून परत जाऊ लागले. मला हायसं वाटलं.

मग एक नवी ओळ उमटली. जोडणी मंजूर. कुठून, तर याच मशीनवरून. फाइल नुसरतची.

तुझा हात कुठे लागला का, असं आतिकाबाईंनी विचारलं. लागला नव्हता. चालू होते तेवढे प्रोग्राम मी बंद केले. नेटवर्कची केबल उपटून हातात धरली.

पुन्हा तीच ओळ.

"जुनैद," आतिकाबाई हळूच म्हणाल्या, "आपण त्याला बाहेर ठेवलं, की आत कोंडलं?"

या वेळी त्याने वाचलं नव्हतं, लिहिलं होतं. हमद टाउनचा पत्ता पुसला गेला होता. त्या जागी एकच शब्द होता: लोकल.

मी नुसरतला फोन लावला. तिने लगेच उचलला. कुठे आहेस, मी विचारलं.

"तुम्हीच बोलावलंत ना." तिचे दात वाजत होते. "किती गारठा आहे इथे. आणि तुम्ही दोघं माझ्याकडे पाठ करून का उभे आहात?"

आम्ही वळलो.

मागे कोरी भिंत होती.

"हां," नुसरत फोनवर म्हणाली, "आता चेहरे दिसले."