माळाखालची दाटी

क्रांती पोचली तेव्हा बाळासो मेंढरांना पाणी पाजून नुकताच जेवायला बसला होता. जतच्या पूर्वेला, कर्नाटकची हद्द जवळ आली की माळ उघडा पडत जातो. कुसळं, काळा दगड आणि मधेच एखादी डाळिंबाची बाग. असल्याच एका माळावर, बाळासोच्या रानात, क्रांतीच्या संस्थेनं जमिनीखाली लहानशी खोली बांधून भूकंपमापक बसवला होता. रहदारी नाही, कारखाना नाही, म्हणून ही जागा. दोन-तीन महिन्यांनी ती साताऱ्याहून येई, यंत्र तपासून जाई, आणि बाळासोच्या बायकोच्या, बनाबाईच्या हातची भाकरी खाल्ल्याशिवाय तिची सुटका नसे.

"ह्या वक्ताला लवकर आलासा, ताई," बाळासो म्हणाला.

"यंत्र बिघडलंय, मामा. काढून न्यायचंय."

नवरा-बायकोनं एकमेकांकडं पाहिलं. बनाबाईनं ताटात ठेचा वाढता वाढता हात थांबवला.

"न्या," ती म्हणाली. "आजच न्या."

हे मशीन ऐकतं तरी काय, असं बाळासोनं क्रांतीला पहिल्याच वर्षी विचारलं होतं. तिनं सांगितलं होतं, की जपानला, फिजीला भूकंप झाला की त्याच्या लाटा पृथ्वीच्या पोटातून या माळाखाली येतात. सहाशे साठ किलोमीटर खाली दाब एवढा वाढतो की खडकातल्या खनिजाची बांधणीच बदलते. द्रव्य तेच, कण तेच, फक्त दाटीनं बसलेले. तुम्ही लोकर पोत्यात तुडवून भरता ना, तसं. त्या सीमेवर लाटेचा वेग एकदम बदलतो आणि मुख्य धक्क्यामागून एक बारीक झटका वेगळा होऊन येतो. तो किती मागून येतो त्यावरून सीमा किती खोल ते कळतं.

बाळासोनं सगळं नीट ऐकून घेतलं होतं. मग विचारलं होतं, "आन् पोतं कोण तुडवतंय?"

तेव्हा ती हसली होती.

दिवाळीनंतर तो झटका लवकर यायला लागला. प्रत्येक भूकंपाला आणखी लवकर. आकडे खरे मानायचे तर ती सीमा वर सरकत होती, आणि तीही फक्त या माळाखाली. साताऱ्याच्या यंत्रावर सगळं जिथल्या तिथं होतं. क्रांतीनं घड्याळ बदललं, केबल बदलली, शेवटी यंत्रच नवं बसवलं. गेल्या आठवड्यात फिजीचा भूकंप नोंदला गेला तेव्हा दोन्ही झटके एकमेकांना चिकटले होते. मधे केसाएवढीही फट नव्हती.

"सहाशे साठ किलोमीटरची सीमा माणसाच्या पायाखाली येत नसते," तिचे वरिष्ठ उदयसिंह म्हणाले होते. "काढून आण ते यंत्र. खोली बंद करू."

कुणीतरी ठणकावून तसं म्हटलं, याचं तिला बरंच वाटलं होतं.

उन्हं कलायच्या आत क्रांती आणि बाळासो चढण चढून खोलीकडं निघाली. खोलीजवळ आल्यावर त्यानं पायानं गवत दाखवलं. बोटभर उंचीचं, गच्च, जवळजवळ काळं.

"हितलं मूठभर खाल्लं की मेंढरू दिसभर तोंड लावत न्हाई कशाला. पोट टम्म. आन् खुंटी ठोकाय हितला दगूड घ्याय गेलो, लिंबाएवढा. एका हातानं उचलला न्हाई, ताई."

"लोहखनिज असेल," क्रांती म्हणाली. तिचं तिलाच ते पटलं नाही.

पाच-सहा पायऱ्या उतरून लोखंडी दार होतं. ती आत गेली आणि नेहमीप्रमाणे दार ओढून घेतलं, वाऱ्यानं यंत्र हलू नये म्हणून. आत बॅटरीवरचा दिवा, मधोमध खडकात रोवलेला काँक्रीटचा ओटा आणि ओट्यावर यंत्र. मागच्या खेपेला ती ओट्याशेजारी पाय पसरून बसली होती. आज बसली तर गुडघे भिंतीला टेकले.

हवा जाड लागत होती. भिंतींना ओल नव्हती, तडा नव्हता. फक्त जवळ होत्या.

खोलीतल्या अवजारांच्या पेटीत टेप कायम असे. तिनं भिंत मोजली. आठ फूट. बांधली तेव्हा होती तेवढीच. तिला स्वतःचा राग आला. मग, का कुणास ठाऊक, तिनं तोच टेप स्वतःच्या वितीला लावला. तिची वीत आठ इंच भरते; शाळेत असल्यापासून ती कापड, टेबल, काय वाटेल ते वितीनं मोजत आली होती.

टेप दहा इंच दाखवत होता.

टेप खोलीतलाच होता. वीत बाहेरून आली होती.

तिनं यंत्र तसंच सोडलं आणि दार ढकललं. दार हललं नाही. खांदा लावला, पाय लावला. चौकट दाराला चावून बसली होती.

"मामा! दार अडकलंय!"

बाहेरून ओढल्याचा आवाज आला. पुन्हा आला.

"येत न्हाई, ताई. घट्ट बसलंय." मग खाली घराकडं तोंड करून मारलेली हाक, "बने! पहार आण गं!"

ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डोकं छताला लागलं. मान वाकवली, मग गुडघे वाकवले, मग बसलीच. ओट्याची कड छातीत रुतायला लागली. श्वास घेतला की बरगड्या दोन्हीकडं टेकत होत्या. तिचे वडील पलटणीत होते. घाबरलं की मनात पाढे म्हणायचे, असं त्यांनी शिकवलं होतं. तिला एकही पाढा आठवेना. हात-पाय, पाठ, मान, सगळं एकाच वेळी आवळलं जात होतं. दुखत मात्र नव्हतं.

"ताई! बोला की! तुमचा आवाज लय बारीक येतूय!"

"मी इथंच आहे!"

बाळासोचा आवाज मात्र भरदार झाला होता. घागरीत तोंड घालून बोलावं तसा.

आणि मग आवळणं थांबलं.

आधी ओट्याची कड छातीपासून सुटली. मग गुडघे भिंतीपासून सुटले. तिनं भीत भीत मान वर केली, छत लागलं नाही. उभी राहिली. पाय पसरता आले, हात पसरता आले. खोली पूर्वीसारखी मोकळी झाली होती. ती रडत रडत हसली. उदयसिंहांना काय सांगायचं, ते तिनं मनात जुळवायलाही घेतलं. जमिनीखाली एकटी, उकाडा, भास.

टेप पायाशी पडला होता. तिनं तो उचलला आणि वितीला लावला.

आठ इंच. बरोबर आठ.

ती टेपकडं बघत राहिली.

खोली वाढली नव्हती.

बाहेर पहार दगडावर घासली. पावलं वाजली, जड, दणदण. मग बाळासो हळू आवाजात बोलला. हळू असूनही ते शब्द तिच्या दातांत घुमले.

"बने, दार एवढंच हुतं का गं?"



पहारीचं टोक फटीत शिरलं. लोखंड करकरलं, दार सुटलं, आणि उजेड आत आला. दाराच्या कडेला चार बोटं दिसली. काळी, भेगाळलेली, ओळखीची. एकेक बोट तिच्या मनगटाएवढं होतं.

"ताई?" बाळासो तिच्या डोक्यावरून आत बघत होता. "कुटं हाय तुमी?"

"मामा," ती म्हणाली.

त्यानं नजर खाली आणली. थोडी, मग आणखी थोडी.

पायरीवर गुडघे टेकून त्यानं दोन्ही हात पुढे केले, नुकतं जन्मलेलं कोकरू उचलताना करतात तसे, आणि ते तसेच हवेत धरून थांबला.