लाल दिव्यापुरतं बोलणं

पहिल्याच दिवशी तिच्या एका पायात स्वतःची चप्पल होती आणि दुसऱ्या पायात वहिनीची. दोन्ही निळ्याच, पण वहिनीची टाच उंच. त्यामुळे सुटलेल्या बसमागे ती धावली ती चक्क लंगडत. बस थांबली, दार उघडलं आणि आरशातून ड्रायव्हरने तिच्या पायांकडे बघितलं.

"सावकाश चढा," तो म्हणाला. "एक पाय तर आधीच वर आलाय."

ती हसली. मग तिचं तिलाच नवल वाटलं, कारण हसून तिला बरेच दिवस झाले होते.

लहान मुलांच्या पुस्तकांसाठी ती चित्रं काढायची, तीही घरी बसून. थंडी सुरू झाल्यापासून मात्र तिने ना कागदाला हात लावला होता, ना खिडकीच्या पडद्याला. डॉक्टरीणबाईंनी त्याला नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या आणि वर सांगितलं, "अख्ख्या दिवसाचं नंतर बघू. आधी सकाळ धरा. उठायचं, तोंड धुवायचं, फोन न बघता घराबाहेर पडायचं. मन येईल मागून." बाहेर पडून जायचं कुठे, हा प्रश्न वहिनीने सोडवला. पहिली बस पकडायची, शेवटच्या थांब्याला तळ्यापाशी उतरायचं आणि चालत घरी यायचं. "परत तर येशीलच," वहिनी म्हणाली, "नाश्ता इथे आहे."

तर अशी ती रोज निघू लागली आणि रोज तिला उशीर होऊ लागला. तो रोज थांबायचा. तिचं नाव त्याने कधी विचारलं नाही, सरळ 'धावपटू' म्हणायला लागला.

त्याच्या सीटच्या वर पाटी लावलेली होती – गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. या बाबतीत तो नियमाचा पक्का. त्यामुळे जे काही बोलणं व्हायचं ते सिग्नलला, लाल दिव्यापुरतं.

"काय धावपटू, आज दोन्ही चपला तुमच्याच?"

दिवा हिरवा झाला. उत्तर पुढच्या सिग्नलपर्यंत तिच्या ओठांवर ताटकळत राहिलं.

"चपला माझ्या. वेणी मात्र कालची आहे."

"कालची? मग काल मी नीट बघितली नाही वाटतं..."

पुन्हा हिरवा. आरशात त्याचे डोळे हसत होते आणि ती खिडकीबाहेर बघत होती, म्हणजे तसं दाखवत होती. पुढच्या सीटवर रात्रपाळी संपवून घरी निघालेली नर्स डुलक्या काढायची. तिला सगळे सिस्टर म्हणत. एका डोळ्याने जागी असल्यासारखी ती म्हणाली, "बाई ग, दिवा हिरवा झाला की तुमची तोंडं बघवत नाहीत. एकदाचं काय ते बोलून टाका."

दोघांचेही कान लाल झाले.

दिवस उजळत गेले. तळ्याकाठी बदकं भांडायची, ते बघून आल्यावर तिला भूक लागायची. तिने पुन्हा रंग काढले. खरं सांगायचं तर आता तिला वेळेवरही निघता आलं असतं. पण कोपरा वळल्यावर अख्खी बस आपल्यासाठी उभी दिसायची, ते तिला इतकं आवडायचं की ती मुद्दाम जिन्यातच रेंगाळायची.

एका सकाळी कोपऱ्यावर बस नव्हतीच. दुसऱ्या दिवशी ती लवकर गेली, तर ड्रायव्हरच्या जागी झुपकेदार मिशा बसलेल्या.

"बदली झाली त्याची," सिस्टर हळूच म्हणाली. "दुसरा मार्ग, दुपारची पाळी. गाडी रोज उशिरा पोचते म्हणून तक्रार गेली... तू नको ग मनाला लावून घेऊस."

तिने लावून घेतलं. पुढच्याच थांब्याला उतरून ती घरी आली, पडदा ओढला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडून राहिली. चहा घेऊन आलेली वहिनी पायथ्याशी बसली.

"आता उठू कशाला?" ती पांघरुणातूनच म्हणाली.

"तो दिसायचा म्हणून उठत होतीस?"

"...हो."

"बरं. मग पहिल्या दिवशी माझी चप्पल घालून कुणासाठी पळालीस? तेव्हा तर तो तुला माहीतही नव्हता."

दुसऱ्या दिवशी ती उठली नाही. त्यानंतरच्या सकाळी उठली, पण बस चुकली, कारण मिशा कुणासाठी थांबत नसत. मग ती तळ्यापर्यंत चालतच गेली. सगळा रस्ता स्वतःवर चिडचिड करत गेली, पण गेली. पुढे हळूहळू असं झालं की बस यायच्या आधी ती थांब्यावर हजर असे.

आणि एके दिवशी तिच्याही आधी तिथे कुणी तरी उभं होतं, चौकड्यांच्या शर्टात. आरशातले डोळे आणि मानेवरचे केस, एवढाच तो तिच्या ओळखीचा. तो इतका उंच असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"आज सुट्टी आहे," तो म्हणाला. "म्हटलं बघावं, तुम्ही येता का अजून. मी गेलो आणि तुमचं येणं बंद झालं, असं तर नाही ना... डोक्यातून जाईना."

"झालं होतं बंद."

त्याचा चेहरा उतरला.

"मग पुन्हा सुरू केलं. माझं मी."

"म्हणजे मी उगाच आलो."

"नाही." आता थांबायचं नाही असं तिने ठरवलं. "आधी मला कळतच नव्हतं, तुम्ही हवे आहात की उठायला नुसतं कारण हवंय. आता उठता येतं मला. पडदा उघडते, आवरते, वेळेत येते. सगळं नीट चाललंय. तरी त्या आरशात रोज दुसऱ्याचे डोळे दिसले की वाईट वाटतं. म्हणजे... तुम्हीच हवे होतात. कारण नको होतं."

त्याने कॉलर सारखी केली.

"मला एवढं सलग बोलायची सवय नाही हो..."

"मग एका सिग्नलात मावेल एवढं बोला."

"तू मला फार आवडतेस," तो म्हणाला.

बस आली. मिशांनी दोघांकडे बघितलं, दोघांनी एकमेकांकडे. कुणी हललं नाही. दार मिटलं आणि बस निघून गेली.

"गेली की," तो म्हणाला. "आता?"

तिने त्याचा हात धरला. "चल. तळ्यापर्यंत चालत जाता येतं. मला रस्ता माहीत आहे."